करडईच्या तेलाचा आरोग्याला उपयोग व्हावा म्हणून: ते कसे निवडावे, किती खावे आणि कसे सांभाळावे

ओट्यालगतच्या खिडकीत मी अनेक वर्षे करडईच्या तेलाची काचेची बाटली ठेवत असे. सकाळचे ऊन तिच्यातून आरपार जाई, तेल सोनेरी दिसे आणि फोडणीच्या वेळी ते हाताशी असे. एका उन्हाळ्यात झाकण उघडताना बोटांना काहीतरी चिकट लागले. बाटलीच्या तोंडाभोवती मधासारखा दाट, पिवळसर थर जमला होता आणि तो साबणानेही निघेना. त्याच दिवशी शेंगदाण्याच्या चटणीवर त्या तेलाची धार सोडली, तर पहिल्याच घासाला घशाशी खवखवले आणि मुलीने भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढले म्हणून जे तेल आम्ही मुद्दाम आणत होतो, ते घरात आल्यावर खवट करून खात होतो.

तो चिकट थर कशाचा, हे समजले की या तेलाचा गुण आणि त्याची काळजी या दोन्ही गोष्टी एकदमच उमगतात. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. ओमेगा-६ गटातले हे मेदाम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. त्याच्या रेणूत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात. या बंधांमुळे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते, आणि तूप, वनस्पती तूप, पामतेल यांच्यातल्या संपृक्त, म्हणजे असे दुहेरी बंध नसलेल्या, मेदाच्या जागी खाल्ले तर रक्तातले एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, कमी होण्यास मदत होते. हवेतला प्राणवायूही नेमका याच बंधांना जाऊन भिडतो. तेलरंगात चित्रे काढणारे कलावंत पांढरा रंग पुष्कळदा करडईच्या तेलात घोटतात, कारण ते हवेत हळूहळू वाळून घट्ट होते आणि जवसाच्या तेलाइतके पिवळे पडत नाही. जे तेल कॅनव्हासवर वाळते, ते बाटलीच्या तोंडाशीही वाळणारच. म्हणून या तेलापासून शरीराला खरोखर काही मिळावे असे वाटत असेल, तर ते विकत घेताना, कढईत ओतताना आणि फडताळात ठेवताना या एका गोष्टीचे भान ठेवावे लागते.

कोणते तेल घ्यावे

बाजारात 'करडईचे तेल' या एकाच नावाखाली दोन निराळ्या प्रकृतींची तेले मिळतात, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पहिले आपल्याकडचे परंपरागत तेल, ज्यात लिनोलेइक आम्ल ७० ते ७८ टक्के असते आणि ओलेइक आम्ल साधारण १३ ते २० टक्के. दुसरे 'हाय ओलेइक' म्हणून विकले जाणारे तेल. ते मुद्दाम निवडलेल्या वाणांपासून काढतात आणि त्यात ओलेइक आम्लच ७५ टक्क्यांच्या आसपास असते. ओलेइक आम्लात दुहेरी बंध एकच असल्यामुळे हे दुसरे तेल उष्णतेला आणि हवेला कितीतरी जास्त टिकते, आणि स्वभावाने ते ऑलिव्हच्या तेलाच्या जवळ जाते. संपृक्त मेद दोन्हींत कमीच, म्हणजे ६ ते ८ टक्के असते. कच्चे खाण्यासाठी, मंद आचेवरच्या भाजीसाठी आणि चटणीसाठी पहिले तेल चांगले. तळण अधिक असलेल्या घराने दुसरे शोधावे. लेबलवर प्रकार लिहिलेला नसेल, तर पोषणमूल्यांचा तक्ता पाहावा. त्यात बहुअसंपृक्त (एकाहून अधिक दुहेरी बंधांच्या) मेदाचा आकडा ७० च्या वर असेल तर ते पहिले तेल, आणि एकअसंपृक्त (एकाच दुहेरी बंधाच्या) मेदाचा आकडा ७० च्या वर असेल तर ते दुसरे.

लेबल वाचताना आणखी एक गोष्ट तपासावी. बाटलीवर करडईच्या फुलाचे चित्र असले, तरी आत मिश्र तेल असू शकते. दोन खाद्यतेलांचे मिश्रण विकायला कायद्याने परवानगी आहे, मात्र त्यातल्या प्रत्येक तेलाचे प्रमाण किमान २० टक्के असावे लागते आणि दोन्हींची नावे व टक्केवारी बाटलीवर छापावी लागते. अशा मिश्रणात करडईचा वाटा पाचवा हिस्साच असू शकतो. मिश्र तेल वाईट असते असे माझे म्हणणे नाही, पण काय घेत आहोत ते घेणाऱ्याला माहीत असावे.

यानंतर प्रश्न येतो घाण्याचे घ्यावे की रिफाइंड. लाकडी घाण्याच्या तेलाला करडईचा स्वतःचा किंचित दाण्यासारखा, कोवळा वास असतो आणि ई जीवनसत्त्व त्यात चांगले टिकते. १०० ग्रॅम तेलात हे जीवनसत्त्व सुमारे ३४ मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन लहान चमच्यांतून सुमारे ३ मिलिग्रॅम पोटात जाते. रिफाइंड तेलाला वास नसतो, त्याचा धूर बऱ्याच जास्त तापमानाला निघतो आणि ते अधिक दिवस टिकते, पण शुद्ध करण्याच्या क्रियांमध्ये ई जीवनसत्त्वाचा आणि इतर सूक्ष्म घटकांचा काही भाग निघून जातो. कोलेस्टेरॉलवर जो परिणाम होतो तो मेदाम्लांमुळे, आणि मेदाम्ले दोन्हींत जवळजवळ सारखीच असतात. त्यामुळे ज्यांना घाण्याचे तेल परवडत नाही किंवा मिळत नाही, त्यांनी आपण काही मोठे गमावत आहोत असे मनाला लावून घेऊ नये.

माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू काळ्या रानाचे. तिथे करडई ज्वारीच्या कडेकडेने पेरत, कारण तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. हिवाळ्यात कोवळ्या पानांची भाजी होई, लसूण आणि तुरीची डाळ घालून. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक वाळले की काढणी पहाटेच उरकावी लागे, कारण रात्रीच्या दवाने काटे तेवढा वेळ मऊ असतात. ऊन चढले की हाताला फडके गुंडाळूनही बोटे रक्ताळत. या काट्यांपायी आणि मजुरांच्या अडचणीपायी अनेकांनी करडई सोडली आणि राज्यातले तिचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने फार घटले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' सारखे बिनकाट्याचे वाण काढले, सोलापूरच्या करडई संशोधन केंद्रातून आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून अवर्षणात तगणारे वाण आले. या कामाला गिऱ्हाइकांची साथ मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते, कारण दोन-तीन पाण्यांचीही खात्री नसलेल्या जमिनीत, खोल मुळांच्या जोरावर, असे तेल देणारी पिके आपल्याकडे थोडीच आहेत.

ज्यांच्या गावाशेजारी घाणा आहे त्यांच्यासाठी सर्वांत चांगली रीत अशी आहे. मार्च-एप्रिलमध्ये नव्या हंगामाची करडई वर्षभराची घ्यावी, ऊन दाखवून कोरड्या पोत्यात भरून ठेवावी, आणि लागेल तशी दर दीड-दोन महिन्यांनी गाळून आणावी. अख्ख्या बीमधले तेल टणक टरफलाच्या आत सुरक्षित असते, ते वर्षभर सहज टिकते. एकदा बी फुटून तेल बाहेर आले की त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. लाकडी घाण्यावर साधारण ४ किलो बियांमागे १ लिटर तेल सुटते. बी जुने, किडके किंवा दमट असेल तर उतारा कमी येतोच, शिवाय तेलाला कुबट वास राहतो. आमच्या घाण्यावरचे काका बी मुठीत घेऊन दाबून पाहतात, दोन दाणे दाताखाली फोडतात आणि मगच म्हणतात, "ताई, चांगलं वाळलंय, टाका." दाणा फुटताना 'कट्' असा आवाज यावा आणि आतला गर पांढरा असावा, एवढी त्यांची परीक्षा, ती कोणालाही शिकता येते. गाळलेले तेल तीन-चार दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ तेल काढून घ्यावे आणि खालचा गाळ वेगळा करावा, कारण गाळात ओलावा असतो आणि तेल आधी तिथूनच बिघडू लागते.

सुटे तेल, म्हणजे दुकानातल्या उघड्या डब्यातून मापाने दिलेले, घेऊ नये. भेसळीच्या भीतीने सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी आहे. स्वतःचे बी देऊन डोळ्यांसमोर गाळून घेणे निराळे.

किती खावे आणि कशाच्या जागी

करडईच्या तेलाबाबत जी चूक मी सर्वांत जास्त पाहते, ती म्हणजे नेहमीचे सगळे जसेच्या तसे ठेवून वरून 'हृदयासाठी' म्हणून हे तेल वाढवणे. कोणत्याही तेलाच्या १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, करडईचे तेलही त्याला अपवाद नाही. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरचे स्निग्ध पदार्थ पुरेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. त्यात तेल, तूप, लोणी सगळे आले. हिशेब मांडला तर दोन माणसांच्या घराला महिन्याला सर्व मिळून सुमारे दीड लिटर तेल-तूप लागले पाहिजे. आमच्या घरी पहिल्यांदा मोजले तेव्हा ते चार लिटरांच्या वर भरले. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजून भरलेली किटली हीच आमची मर्यादा, आणि फोडणीला पळीऐवजी लहान चमचा. सवय व्हायला दोन महिने लागले, पण भाजीची चव तेलावर आपण समजतो तितकी अवलंबून नसते, हे त्या दोन महिन्यांत सर्वांनाच पटले.

लाभ होतो तो बदलण्याने. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन असे मत दिले की संपृक्त मेदाच्या जागी बहुअसंपृक्त मेद असलेली वनस्पतितेले आणली, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. ओलेइक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असलेल्या तेलांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली मर्यादित स्वरूपाचा दावा छापायला परवानगी दिली. दिवसाला सुमारे २० ग्रॅम असे तेल, संपृक्त मेदाच्या बदल्यात आणि एकूण कॅलरी न वाढवता खाल्ले, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा तो दावा. पुरावा अनुकूल असला तरी निर्णायक नाही, हेही त्यातच स्पष्ट केले आहे. या सगळ्यात 'बदल्यात' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. वनस्पती तुपाऐवजी, पामतेलातल्या फरसाणाऐवजी, बेकरीच्या नानकटाईऐवजी हे तेल आले पाहिजे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती करडईच्याच तेलाची आहे. १९६६ ते १९७३ या काळात सिडनी शहरात, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा तत्सम त्रास झालेल्या ४५८ पुरुषांपैकी काहींना संपृक्त मेद कमी करून त्या जागी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारीन, म्हणजे लोण्यासारखा घट्ट पदार्थ, भरपूर प्रमाणात खायला सांगितले होते. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जास्त निघाले. ही जुनी माहिती पुन्हा तपासून २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. प्रयोग लहान होता, त्यातल्या मार्गारीनमधल्या ट्रान्स मेदाविषयीही (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाविषयी) शंका घेतली गेली, आणि तज्ज्ञांचे त्याबाबत आजही एकमत नाही. मला स्वतःला त्यातून दोन व्यवहारी गोष्टी घ्याव्याशा वाटतात. ज्या प्रयोगांत तेल बदलल्याचा स्पष्ट फायदा दिसला, त्यांत बहुतांशी सोयाबीनचे तेल होते, आणि सोयाबीनच्या तेलात ओमेगा-३ गटातले मेदाम्लही काही प्रमाणात असते. करडईच्या तेलात ते जवळजवळ शून्य असते. म्हणून घरात केवळ करडईचेच तेल, आणि तेही सढळ हाताने, असे करू नये. आणि ओमेगा-३ दुसरीकडून भरून काढावे.

हे भरून काढायला आपल्या ताटात साधने आहेत. जवसाची चटणी हे त्यातले सर्वांत स्वस्त. एका मोठ्या चमच्याएवढ्या कुटलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या वर अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ गटातले मेदाम्ल, असते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटावे, आणि आठवड्याला पुरेल एवढेच करावे. अख्खे जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडते, म्हणून कुटणे आवश्यक. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. कोकण-गोव्यातल्या लोकांना हे सांगायला नकोच. तेलही आलटून पालटून वापरावे: आमच्याकडे दिवसभराच्या तेलापैकी निम्मे करडईचे असते, उरलेले शेंगदाण्याचे किंवा तिळाचे.

ओमेगा-६ मुळे शरीरात दाह वाढतो, म्हणून बियांची तेले विषासमान, असे संदेश हल्ली मोबाइलवर फिरतात. माणसांवर केलेल्या चाचण्यांमध्ये लिनोलेइक आम्ल वाढवल्यामुळे रक्तातली दाहाची लक्षणे वाढल्याचे दिसून आलेले नाही. ओमेगा-३ कमी पडू नये, ही काळजी रास्त आहे. भीती मात्र निराधार आहे.

मधुमेहाबाबतही पुष्कळ बोलले जाते. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत रजोनिवृत्तीनंतरच्या, लठ्ठ आणि टाइप २ मधुमेह असलेल्या स्त्रियांनी १६ आठवडे रोज ८ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमच्यांहून थोडे कमी, करडईचे तेल घेतले. त्यांचे वजन घटले नाही, पण धडाभोवतीची चरबी थोडी कमी झाली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचे माप) थोडे उतरले आणि एचडीएल, म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, वाढले. ही आशादायक गोष्ट आहे, पण प्रयोग पूर्ण करणाऱ्या स्त्रिया ३५ होत्या, आणि तेल अजिबात न घेणारा गट तुलनेला नव्हता. त्यामुळे एवढ्या आधारावर कोणी औषधाची गोळी कमी करू नये. वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या 'सीएलए'च्या (कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्लाच्या) कॅप्सूलही करडईच्या तेलापासून बनवतात, पण त्यातले मेदाम्ल रासायनिक क्रियेने बदललेले असते. त्या कॅप्सूल म्हणजे करडईचे तेल नव्हे.

आयुर्वेदाच्या नावाने या तेलाची जाहिरात करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्नेहांमध्ये तिळाचे तेल सर्वांत हितकर आणि कुसुंभाचे, म्हणजेच करडईचे, सर्वांत अहितकर सांगितले आहे. आजच्या आहारशास्त्राचा निष्कर्ष वेगळा आहे. दोन्ही परंपरांचा आदर राखून मी करडईचे तेल आधुनिक पुराव्याच्या आधारावर खाते, आणि त्याला प्राचीन ग्रंथांचा शिक्का लावत नाही.

परिणाम झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. तेल बदलण्याआधी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्यावे, तीन महिने मोजून तेल वापरावे, आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. यजमानांचे एलडीएल उतरले. पण त्याच तीन महिन्यांत त्यांचे चहासोबतचे फरसाणही सुटले होते, त्यामुळे सगळे श्रेय मी तेलाला देणार नाही.

चुलीवर वापरताना

घाण्याचे करडईचे तेल कच्चे किंवा कमी तापवून खाणे सर्वांत चांगले, आणि आपल्याकडची रीत मुळात तशीच आहे. ज्वारीची गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर तेलाची धार. शेंगदाण्याच्या किंवा कारळ्याच्या कोरड्या चटणीत बोटाने खळगा करून त्यात चमचाभर तेल. मेथीच्या किंवा पातीच्या कांद्याच्या पचडीवर वरून तेल. या प्रकारांत तेल अजिबात तापत नाही, आणि एक लहान चमचा पुरतो.

फोडणी करताना कढई आधी रिकामी तापवून मग तेल घालण्याची सवय मोडावी. तेल आणि कढई एकत्र, मध्यम आचेवर तापवावी. मोहरीचा एक दाणा टाकून तो तडतडला की पुढचे घालावे. धूर दिसू लागला तर तेल जास्त तापले आहे असे समजावे. तेवढे तेल टाकून द्यावे, त्यातच भाजी रेटू नये.

तळण या तेलात करू नये. दिवाळीच्या चकल्या आणि शंकरपाळ्यांना तासभर कढई तापत असते, आणि दुहेरी बंध अधिक असलेले तेल एवढ्या वेळात फार बिघडते. तळणासाठी शेंगदाण्याचे तेल वापरावे किंवा हाय ओलेइक करडईचे. तळून उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवावे, पुन्हा तळणाला घेऊ नये.

अंगाला लावताना, आणि कोणी जपावे

लिनोलेइक आम्ल त्वचेच्या बाहेरच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांचा भाग असते, त्यामुळे कोरड्या त्वचेवर हे तेल हलके आणि सोयीचे वाटते. तान्ह्या बाळांच्या मालिशीबाबत २००५ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात करडईच्या तेलाने मालिश केलेल्या नवजात बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्लांचे प्रमाण वाढल्याचे आढळले, म्हणजे तेल त्वचेतून थोडेफार आत पोहोचते. म्हणूनच खवट किंवा सुगंध मिसळलेले तेल बाळाला कधीही लावू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या कुळातच करडई येते, त्यामुळे ज्यांना त्या फुलांची अॅलर्जी आहे त्यांनी सुरुवात थोड्या तेलाने करावी. करडईच्या वाळलेल्या पाकळ्यांचा चहा ही मात्र तेलापेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे. गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये, आणि रक्त पातळ होण्याची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्वयंपाकात चमचा-दोन चमचे तेल त्यांना चालते. कॅप्सूलच्या रूपाने तेल घ्यायचे असेल तर मात्र विचारावे.

साठवण

मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून पाच लिटर तेल आणणे दोन माणसांच्या घराला परवडत नाही, कारण शेवटचा लिटर बिघडतोच. घाण्याचे तेल एका वेळी एक ते दीड लिटरच घरात असावे. त्यातले आठवड्याचे छोट्या बरणीत काढून बाकीचे गडद रंगाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, गळ्यापर्यंत भरून, शेगडीपासून लांब, अंधाऱ्या आणि थंड फडताळात ठेवावे. भांडे अर्धे रिकामे असले की वर हवा राहते, म्हणून तेल कमी होईल तसे ते लहान भांड्यात बदलावे. कडक उन्हाळ्यात, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, फ्रीजमध्ये ठेवणे उत्तम. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात हे तेल मुळीच ठेवू नये. तांब्याच्या अंशाने तेल फार झपाट्याने खवट होते.

दर पंधरा दिवसांनी एक थेंब तळहातावर घेऊन चोळून हुंगावा आणि एक थेंब जिभेवर ठेवावा. ताज्या तेलाला सौम्य, दाण्यासारखा वास येतो. बिघडलेल्याला भिंतीच्या नव्या रंगासारखा किंवा जुन्या पेटीतल्या मेणासारखा वास येतो आणि घशाला कडवट खवखव लागते. असे तेल भाजीत 'खपवू' नये. लाकडी पाटाला लावून टाकावे.

भांडे रिकामे झाले की त्यात ताजे तेल तसेच ओतू नये. तळाशी आणि तोंडाशी राहिलेला जुना थर नव्या तेलालाही लवकर खवट करतो. भांड्यात चमचाभर खायचा सोडा घालून कढत पाणी भरावे, रात्रभर ठेवावे, सकाळी बाटल्या धुण्याच्या ब्रशने तोंडाच्या आट्यांसकट घासावे, आणि पालथे घालून वाळवावे. आत पाण्याचा एक थेंबही दिसत नाही अशी खात्री झाली, आणि तोंडावरून बोट फिरवल्यावर ते चिकटले नाही, की मगच नवे तेल भरावे.